चिमणीची सहा मिनिटं

मुलं मला पाठीमागे घड्याळबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नाही. बाल विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला तीस मीटर लांबीचा एक मोकळा पॅसेज आहे. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू ठेवायचा, मुलाच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावायचा आणि त्याला सहा मिनिटं जमेल तितकं भरभर चालायला लावायचं, हे माझं काम. माझ्याकडे वजन जास्त असलेली मुलं येतात. त्यांच्या अंगात दम किती आहे ते वजनकाटा सांगत नाही, चालवूनच बघावं लागतं. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं? त्यांनी एक दिवस माझे शंकू सांभाळून दाखवावेत. सफाईच्या मावशी फरशी पुसताना ते कोपऱ्यात नेऊन ठेवतात आणि वर मलाच विचारतात, "ताई, ही खेळणी कोण मांडतं हो मध्येच?"

मुलं काय काय सोंगं करतात म्हणून सांगू! एकाच्या पोटात तिसऱ्या फेरीला कळ येते, एकाला नेमकं तेव्हाच लघवीला जायचं असतं, एक जण तर उजव्या पायाने लंगडत गेला आणि डाव्या पायाने लंगडत परत आला. म्हणून माझे नियम कडक. पळायचं नाही, बोलायचं नाही आणि मुलाबरोबर दुसऱ्या कोणी चालायचं नाही, कारण सोबत कोणी असलं की मूल आपली चाल सोडून त्याची चाल धरतं. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना हा नियम मी दहादा घोकायला लावते. तो मोडला तो मीच, दुसऱ्या कोणी नाही.

त्या दिवशी एक तेरा वर्षांची मुलगी आली. वजन एकाहत्तर किलो, घरातलं नाव चिमणी.

"नाव ठेवलं तेव्हा दीड किलोची होती हो," तिचे वडील घाईघाईने म्हणाले. ते स्वतः काडीपैलवान. शर्ट हँगरवर अडकवावा तसा त्यांच्या खांद्यांवर अडकवलेला. बापलेकीला शेजारी शेजारी बघून माझ्या मनात जे आलं ते लिहायला आज लाज वाटते, पण आलं होतं खरं. घरातलं सगळं हीच संपवत असणार.

त्यांच्याकडे शाळेचा एक फॉर्म होता. शाळेचं डोंगरातलं शिबिर, चार तासांची चढण. मुलगी चढायला तंदुरुस्त आहे असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं आणि फॉर्म संध्याकाळपर्यंत शाळेत पोचायला हवा. आमच्या डॉक्टरीणबाई माझा रिपोर्ट बघितल्याशिवाय सही करत नाहीत. गेल्या वर्षी प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून शाळेने चिमणीला पायथ्याशी सामानाजवळ बसवून ठेवलं होतं. वर्ग वर जाऊन आला. हिने दिवसभर एकवीस पाठपिशव्या राखल्या.

"मस्त राखल्या," चिमणी म्हणाली. "एकही पळून गेली नाही."

म्हणाली हसत, पण हातातल्या फॉर्मची तिने सुरळी करून करून पार वात केली होती.

मी तिला काट्यावर उभं केलं, उंची घेतली, नाडी बघितली. अठ्ठ्याऐंशी. मग नियम सांगितले आणि घड्याळ सुरू केलं. पहिली फेरी झाली नाही तोच वडील बाकावरून उठले. "मॅडम, मी पाण्याची बाटली घेऊन हिच्या बाजूने चालतो. हिला एकटीने चालायची सवय नाही." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाटलं, सडपातळ माणूस आहे, त्याच्या नादाने पोरगी जरा पाय उचलेल. तिच्या भल्याचंच आहे.

कसलं काय! दोघं लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची शोधल्यासारखे चालत होते. चिमणी दोनदा बुटाची नाडी बांधायला थांबली. वडीलही थांबले, कमरेवर हात ठेवून, पोरीकडे प्रेमाने बघत. माझ्या बाजूला उभी असलेली नर्स म्हणाली, "बिचारा बाप. किती हळू चालावं लागतंय." मीही मान हलवली.

सहा मिनिटांत तीनशे बहात्तर मीटर. तिच्या वयाच्या आणि वजनाच्या मुली माझ्याकडे पाचशे सहज ओलांडतात. हा आकडा घेऊन गेले असते तर डॉक्टरीणबाईंनी सही सोडा, पेनाचं टोपणही काढलं नसतं.

"किती दम लागला?" मी दहापर्यंतच्या आकड्यांचा तक्ता पुढे धरला. चिमणीने विचार करून सातावर बोट ठेवलं. पण चिमटा सांगत होता, नाडी एकशे एक. एवढी नाडी तर मला मावशींशी भांडताना होते. आणि सात दम लागलेली मुलगी एका श्वासात मला विचारत होती, "काकू, इथे नापास झालं तर शाळेला फोन जातो का की फक्त कागद जातो?"

वडील घाम पुसत म्हणाले, "मी खालून पाणी भरून आणतो," आणि लिफ्टकडे गेले. मला हेच हवं होतं. मी चिमणीला समोर बसवलं आणि माझ्या नाकावर कायम मुक्कामाला असलेला राग बाहेर काढला.

"अंगचोर आहेस तू," मी म्हणाले. "चक्क अंगचोर. डोंगर चढायचाय ना तुला? की सामानाजवळ बसायची गोडी लागली? तासभर विश्रांती घे आणि परत चाल. एकटी."

"नको," ती म्हणाली. "आहे तेच लिहा."

"का?"

"एकटी चालले तर आकडा वाढेल. मग बाबा विचारेल, आधी कमी का आला होता."

मला काही कळेना. तिच्या बुटांकडे माझी नजर गेली. बुटांना नाड्याच नव्हत्या, चिकटपट्ट्या होत्या. दोन वेळा ती खाली वाकून काय बांधत होती?

"बाबाला दम लागतो," चिमणी पायांकडे बघत म्हणाली. "जिन्यात तो मोबाईल बघायला म्हणून थांबतो. मोबाईल बंद असला तरी बघतो. मघाशी त्याच्या गळ्याजवळ शिरा उडायला लागल्या, म्हणून मी वाकले. मी थांबले की त्याला थांबता येतं. त्याला वाटतं कुणाला कळत नाही."

वीस वर्षं मी त्या पॅसेजमध्ये उभी आहे. डोळ्यांत तेल घालून मुलं बघते, अशी माझी समजूत होती. आणि त्या दोघांमधला कोण हळू चालतोय हे मला दिसलं नाही, कारण जाड कोण आहे ते मला आधीच दिसलं होतं. अंगचोर म्हटलं मी त्या पोरीला. जीभ झडायला हवी होती माझी.

"चुकलं माझं," मी म्हणाले. मी हे सहसा म्हणत नाही, त्यामुळे ते मला नीट म्हणताही आलं नाही.

"चालतं," चिमणी म्हणाली. "सगळेच म्हणतात."

"तुला शिबिराला जायचंय का नाही?"

तिने होकाराची मान हलवली. मग डोळे पुसले.

"मग तू चाल. पुढचं मी बघते."

पुढचं काय बघणार होते, हे तेव्हा माझं मलाही माहीत नव्हतं.

तासाभराने मी वडिलांना बाकावर बसवलं आणि नियमावर बोट ठेवून दटावलं, "पालकांनी सोबत चालायचं नाही. मघाशी माझी चूक झाली." चिमणीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सुटली. खरोखर सुटली! चालतच, पळत नाही, पण हात असे चालवत होती की शंकूजवळ उभ्या मावशी बादलीसकट भिंतीला चिकटल्या. चौथ्या मिनिटाला तिचे गाल लाल झाले, पाचव्याला केस कपाळाला चिकटले. वडील आधी टाळ्या वाजवत होते. मग त्यांच्या टाळ्या थांबल्या. ते फेऱ्या मोजू लागले, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरत गेला.

पाचशे शहाऐंशी मीटर. नाडी एकशे एकोणपन्नास. तक्त्यावर तिने पाच दाखवले, आणि या वेळी ते खरे होते, कारण तिला एका दमात बोलायला जमत नव्हतं. मी तिथल्या तिथे रिपोर्ट लिहिला, आत जाऊन डॉक्टरीणबाईंची सही घेतली आणि फॉर्मची ती वात सरळ करून चिमणीच्या हातात दिली.

"मघाशी कमी का आला होता?" वडिलांनी विचारलं.

माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. तेव्हा मात्र हात चालले. मी चिमणीच्या बोटाचा चिमटा काढला आणि त्यांच्या बोटाला लावला. चिमणी चालायला लागली त्याआधीपासून ते बाकावरच बसलेले होते. आकडा एकशे बावीसवर जाऊन थांबला. चिमटा काढला तेव्हा चालून आलेल्या मुलीची नाडी एकशे वीसवर उतरली होती.

त्यांनी आकड्याकडे बघितलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "चार महिने झाले. जरा चाललं की छाती भरून येते. मॅडम, एक विनंती आहे, घरी कळू देऊ नका. हिची आई उगाच घाबरेल."

"आईला माहीत आहे," चिमणी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ती जिन्यात दर मजल्यावर पिशवी खाली ठेवते ना, हात दुखतो म्हणून? तिचा हात नाही दुखत. तुला डॉक्टरकडे चल म्हटलं की तू दोन दिवस जेवत नाहीस, म्हणून कोणी म्हणत नाही."

वडील बाकावर जरा मागे सरकले. एखाद्याच्या घरातली सगळी भांडी त्याच्याच समोर खाली काढावीत, तसं झालं त्यांना. त्यांनी शेवटचा आधार शोधला.

"पण मी तर रोज आजोबांना फिरायला नेतो! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्यांना झेपावं म्हणून मी मुद्दाम हळू—"

"बाबा," चिमणी म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसून तिने त्यांचा चिमटा लावलेला हात हातात घेतला, "आजोबा तुला घरी सोडतात ना, त्यानंतर त्यांचं त्यांचं फिरायला जातात. तलावाला दोन चकरा."

नर्स हसली. मावशी हसल्या. मलाही हसू आलं. वडील दोघींकडे बघत राहिले, मग तेही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना दम लागला. या वेळी त्यांनी मोबाईल काढला नाही. छातीवर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत, श्वास खाली बसेपर्यंत ते थांबले.

"मोठ्यांचं कुठे तपासतात?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर," मी म्हणाले. "आत्ता जा. मी फोन करून ठेवते."

चिमणीने फॉर्म दप्तरात घातला, पाण्याची बाटली उचलली आणि बापाला हात देऊन उठवलं. पॅसेजमधून ती दोघं लिफ्टकडे निघाली, हळूहळू, शंकूला वळसा घालून. कोण कोणासाठी हळू चालतंय हे आता दोघांनाही माहीत होतं.