मापाचा पायजमा

फ्लॅनेलच्या चादरीत कात्री शिरली तसा व्लास्तिमिरने टीव्हीचा आवाज कमी केला. एवढ्यावरूनच रादोयकाला कळलं, की आता हा अकलेचे तारे तोडणार.

"चांगली चादर कापतेस?"

"मधे विरलीय. कडा शाबूत आहेत."

"काय करणार तिचं?"

"पायजमा."

तो गप्प झाला. गप्प असलेला नवरा तिला बोलणाऱ्या नवऱ्यापेक्षा बरा वाटायचा, म्हणून तिने मान वर केली नाही. चादर तिच्या आईने लग्नात दिलेली होती, निळी, पांढऱ्या बारीक रेघांची. आटायची ती आधीच आटावी म्हणून तिने ती कढत पाण्यातून काढली होती. आता तिच्यावर स्वतःचा जुना पायजमा दुमडून ठेवून साबणाच्या झिजलेल्या वडीने ती रेघ ओढत होती. एक पाय एका तुकड्यात, बाहेरच्या बाजूला शिवणच नाही. कुशीवर पडून राहायचं तर ती शिवण रुतते. बाजारातल्या पायजम्याला ती असतेच, आणि कापड असं असतं की आरपार वर्तमानपत्र वाचावं. तसला पायजमा विकत घेणाऱ्यांची तिला कीव यायची.

सर्बियातल्या या पिरोत गावात नवा पायजमा घरात कुणी घालत नाही. घरात फाटकं, गुडघ्याला पोक आलेलं, काहीही चालतं. नवा पायजमा कपाटाच्या तळाशी घडी न मोडता पडून असतो, कारण तो हॉस्पिटलात न्यायचा असतो. पोट फाडताना डॉक्टरने आपल्याला गबाळं म्हणू नये, एवढीच सगळ्या गावाची इच्छा. या खुळाला रादोयका जन्मभर हसत आली होती. शिवणकारखान्यात परक्यांच्या विजारी शिवताना बाजूच्या मशीनवरच्या बायका आपापल्या कपाटातल्या पायजम्यांचं कौतुक सांगत, तेव्हा ती सरळ तोंडावर नाक मुरडायची. आणि आता तीच बसली होती शिवत.

सोमवारी तिला निश शहरातल्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. पोटातली गाठ काढायची होती. गाठ कसली आहे, ते काढल्यावर कळणार होतं. सोबत कोण येईल, असं डॉक्टरणीने विचारलं, तेव्हा "नवरा आहे" एवढंच ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. नवरा होताच, सोफ्यावर. मागे तिला ताप आला होता तेव्हा तिच्याआधी तोच अंथरुणाला खिळला होता आणि तापल्या अंगाने तिनेच त्याला सूप पाजलं होतं. अशा माणसाला काय सांगायचं? मुलगा ऑस्ट्रियात, त्याला मागाहून कळवता आलं असतं.

तरी मनाशी तिने एक ठरवलं होतं. पायजमा कुणासाठी, एवढं जरी त्याने विचारलं, तरी ती सगळं सांगणार होती. आपण होऊन एक शब्द सांगायचा नाही. कुणीतरी विचारावं, अशी तिला इच्छा होती, आणि त्या इच्छेचाही तिला रागच येत होता.

व्लास्तिमिर सोफ्यावरून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"खरं सांग मला," तो म्हणाला. "डॉक्टरने तुला बाजूला घेऊन काय सांगितलं?"

मागच्या आठवड्यात तो गुडघा दाखवायला गेला होता. चोळायला मलम मिळालं होतं.

"मलम चोळ म्हणाला. ते चोळ."

"म्हणजे तू सांगणार नाहीस," तो म्हणाला, आणि भिंतीला धरून आतल्या खोलीत गेला.

दुपारभर तो मरत होता. व्लास्तिमिरला मरणाची भीती फार, पण मरणाने मिळणारा मान त्याला आवडत असावा. पलंगावर पडून त्याने मित्राला फोन केला आणि मासे पकडायच्या काठ्या देऊन टाकल्या. मग बहिणीला फोन करून, मला शेवटचं पाहून जा, असं सांगितलं. मधेच कोंबडीचं सूप मागवलं, ते दोन वाट्या प्यायला, आणि रिकामी वाटी न्यायला आलेल्या रादोयकाला म्हणाला, की मी तुला माफ केलं. कशाबद्दल, ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. तिला हसू येत होतं, आणि त्याखाली इतकी चीड होती की मशीनचं पायडल ती गरजेपेक्षा जोरात मारत होती. दोन्ही पाय जोडून झाले. मधली शिवण तिने दुहेरी घातली. भरवसा ठेवावा अशी तेवढी एकच गोष्ट त्या घरात होती.

संध्याकाळी दोब्रिला आली. व्लास्तिमिरची ही थोरली बहीण म्हणजे गावातल्या कुठल्याही आजाऱ्याकडे डॉक्टरच्या आधी पोहोचणारी बाई. कुणाचं काय कापलं आणि किती काढलं, हे ती पाककृती सांगावी तसं सांगायची. स्मशानात पुढची जागा मिळावी म्हणून लवकर घरून निघायची. रादोयका तिच्या हातचं खातही नसे. आज तिने अक्रोडाचा केक आणला होता. तो टेबलावर कापडाच्या चिंध्यांत ठेवून ती भावाच्या उशाशी बसली आणि रडू लागली. तिच्या रडण्याला सरावाची चांगली बैठक होती.

"पायजमा आण तो," व्लास्तिमिर आतून क्षीण आवाजात म्हणाला. "बघू तरी दे, कशात जायचंय मला."

रादोयकाने पायजमा त्याच्या अंगावर टाकला. अजून कमरेत इलॅस्टिक घालायचं राहिलं होतं.

थोड्या वेळाने तो कमरेशी कापड मुठीत गच्च धरून स्वयंपाकघरात आला. मागोमाग दोब्रिला. पायजमा त्याच्या पोटऱ्यांवरच संपला होता. खाली केसाळ नडग्या, वर नितंबांपाशी हा एवढा झोळ. व्लास्तिमिरने खाली पाहिलं, आणि मरणाच्या दारात असूनही त्याचा चेहरा उजळला.

"तोकडा झाला," तो म्हणाला. "जन्मभर विजारी शिवल्यास, आणि नवऱ्याचं माप चुकलीस?"

रादोयकाने त्याच्याकडून कसलीच आशा ठेवली नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं. पण आपली बायको एक वेळ मापात चुकेल, स्वतःसाठी काही शिवेल हे मात्र शक्य नाही, असंच याला वाटलं, हे तिला लागलं. तिने मशीनवरचे धागे गोळा करायला घेतले.

दोब्रिलाचं रडणं थांबलं होतं. तिने भावाच्या उघड्या नडग्यांकडे पाहिलं, मग त्या सैल झोळाकडे, मग रादोयकाच्या कमरेकडे. नाक पुसून रुमाल बाहीत खोचला.

"कधी जायचंय तुला?" तिने विचारलं.

रादोयकाने धागे खाली ठेवले. "सोमवारी. सकाळच्या बसने."

"कुठे जायचंय?" व्लास्तिमिर म्हणाला. "कोण जातंय?"



"काढ तो," दोब्रिला भावाला म्हणाली. "तुझा नाहीये. काढ म्हणते ना."

तो आत गेला आणि आपल्या जुन्या विजारीत परत आला. पायजम्याचा बोळा त्याने टेबलाच्या कडेला ठेवला आणि तिथेच उभा राहिला. बसावं की काही बोलावं, त्याला ठरवता येईना. दोब्रिलाने केक बाजूला सारला, पायजमा तळहाताने सपाट केला, इलॅस्टिकच्या टोकाला सेफ्टी पिन अडकवली आणि ती कमरेच्या दुमडीत सरकवू लागली. या कामाला तिचे हात अगदीच निरुपयोगी होते. इलॅस्टिक आत पीळ खात चाललं होतं. ते पुन्हा काढून घालावं लागणार, हे रादोयकाला दिसत होतं. एरवी तिने ते हिसकावून घेतलं असतं. ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"मी येते सोमवारी," दोब्रिला मान खाली घालूनच म्हणाली. "बडबड करणार नाही."

"करशील."

"करीन थोडी."

पिन फिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली. दोब्रिलाने दोन्ही टोकं चिमटीत धरली.

"घट्ट करू की सैल?"

"सैल," रादोयका म्हणाली. "पोटाला टाके असतील."

दोब्रिलाने इलॅस्टिक बोटभर सोडलं, आणि टाका घालण्यासाठी ती टोकं रादोयकापुढे धरली.