साफ केलेला ओढा

पडद्यावरच्या फोटोला वर्ग खदखदून हसला, एकटी मार्लिस सोडून. गुडघाभर पाण्यात, खांद्यावर साखळी टाकून, ओठांत सिगारेट धरून उभा असलेला माणूस तिचा बाप होता. मागचा ओढा अंगणासारखा झाडूनपुसून लख्ख.

शिकवणारी केंडल तिच्याहून वीस वर्षांनी लहान. ती म्हणाली, "ओंडके काढले की सॅमन माशांना वाट मोकळी होईल, असं सरकारच सांगायचं. यांनी काढले. मग पाण्याला अडवणारं काही उरलंच नाही. खडी वाहून गेली, डोह गेले. मासे अंडी घालणार कुठं? शनिवारी आपण तिथं ओंडके परत टाकणार आहोत."

"काय एकेक नग होते," मागून कुणीतरी म्हणालं.

लाकडाची गिरणी बंद पडली, म्हणून पन्नाशीत मार्लिस गावच्या कॉलेजात जंगलपाण्याचं शिकायला आली होती. हाच फोटो घरी चौकटीत होता. त्या कामाबद्दल तिच्या बापाला, आर्वोला, जन्मात मिळालेली तेवढीच शाबासकी. अजूनही ओढ्यावर गेला की काटक्या उपसून फेकल्याशिवाय म्हाताऱ्याला चैन पडत नसे. मासे येत नाहीत म्हणून शिव्या मात्र तो समुद्रातल्या मासेखाऊ सीलना घालायचा.

संध्याकाळी तो कॉफीत पाव बुडवत बसला होता. सांगावं की गिळावं, मार्लिसला कळेना. पण शनिवारी अख्ख्या गावाला कळणार होतं. परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्याकडून बरं, म्हणून तिनं एका दमात सांगून टाकलं.

"ओंडके टाकणार? काढणार म्हण."

"टाकणार, बाबा."

पाव कॉफीत विरघळून बुडाला, तरी त्याचा हात तसाच.

"म्हणजे मासे आमच्यामुळं गेले?"

"तुम्हाला सरकारनं सांगितलं होतं."

"सरकार पाण्यात उतरलं नव्हतं, पोरी. मी उतरलो होतो."

मार्लिसला रडू फुटलं. तो उठला आणि न जेवताच झोपायला गेला.

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण शनिवारी रबरी बूट घालून तो ओढ्यावर हजर. केंडलनं फोटोतला चेहरा ओळखला आणि ती घाईनं पुढं आली.

"मला माहीत नव्हतं, आजोबा. मी वर्गात..."

"मलाही नव्हतं. चालू दे तुझं."

यंत्रानं पहिला ओंडका पाण्यात सोडला. आर्वो बघत राहिला. मग सवयीनं वाकला आणि काठाशी अडकलेली एक फांदी त्यानं उपसली. फेकायला उचललेला हात वरच थांबला. मार्लिस पुढं झाली, पण त्यानं मानेनंच नको म्हटलं.

त्यानं ती फांदी पुन्हा पाण्यात ठेवली आणि वाहून जाऊ नये म्हणून तिच्यावर पाय देऊन उभा राहिला.