दोन होल

फरीदाने स्क्रीनवरचा लोखंडी ब्रॅकेट माउसने उलटा फिरवला आणि त्यातल्या दोन गोल होलांवर बोट टेकवलं.

"हे दोन्ही रंग निथळायला. पुढे चल."

आम्रपालीने तसं टाइप केलं. चाकणच्या या कंपनीत तिला सात महिने झाले होते. फरीदाला अकरा वर्षं. गाडीच्या पार्टांचे आकार कॉम्प्युटरने नुसते दाखवू नयेत, ओळखावेतही, म्हणून प्रत्येक होलाचं, घडीचं, खाचेचं नाव, काम आणि एकमेकांशी नातं नोंदवणं चाललं होतं. उत्तरं फरीदाच्या तोंडची. वर नाव मात्र आम्रपालीचं. साहेब जाता-येता विचारत, "आम्रपालीचं काम कुठवर आलं?" तेव्हा फरीदा पाण्याची बाटली उघडायची आणि न पिताच बंद करायची.

खरं तर ब्रॅकेटच्या त्या दोन होलांतलं एकच जादा रंग निथळायला होतं. दुसरं वेल्डिंगच्या वेळी पार्ट पिनवर बसवायला. माप सारखंच. हा फरक फरीदाने झोपेतही सांगितला असता.

शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांसमोर कॉम्प्युटरला विचारलं, निथळायची जादा, बुजवता येतील अशी होलं कुठली? स्क्रीनवर एक गोल लाल झाला. वेल्डिंगचे रंगराव पुढे झुकले.

"हे बुजवलं तर पार्ट पिनवर बसायचाच न्हाई! कुणी सांगितलं हे?"

फरीदाने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"माझी चूक," आम्रपाली उठून म्हणाली. "ताईंनी बरोबर सांगितलं होतं. मीच घाईत चुकीचं लिहिलं."

साहेबांनी तिला चांगलंच सुनावलं. आपण सुटलो म्हणून फरीदाला हायसं वाटायला हवं होतं. पण बाहेर पडताना रंगराव आम्रपालीपाशी थांबले. "चूक कबूल करायला हिंमत लागते, पोरी," म्हणाले, आणि फरीदाला पुन्हा तेच बोचलं: कौतुक आम्रपालीचंच.

खोली रिकामी झाल्यावर ती आम्रपालीच्या टेबलापाशी गेली.

"खोटं का बोललीस?"

"तुमचं नाव घेतलं असतं, तर उद्यापासून तुम्ही मला काहीच सांगितलं नसतं." आम्रपालीने तीच नोंद उघडली. "फरक काय आहे, ताई? मला खरंच माहीत नाही."

फरीदा खुर्ची ओढून बसली. माउस हातात घेऊन ती कितीतरी वेळ नोंदी खाली सरकवत राहिली.

"हे एकच नाही," ती म्हणाली. "आणखी चार ठिकाणी मी असंच सांगितलंय."

आम्रपालीची बोटं की-बोर्डवर थांबली. तिने मान वळवली नाही.

"पहिलं कुठलं?"