पदराखालची बोटं

रेवाच्या हातांना बोटं नव्हती, हे रविवारी दुपारी ताटं वाढून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे तिचे दोन्ही तळवे गुळगुळीत झाले होते. पाच वर्षांची पोर ते वरणभाताशेजारी ठेवून मुकाट बसली होती.

"आई," सून मधुरा म्हणाली, "तिला तिच्या हाताने जेवू द्या, असं किती वेळा सांगितलं तुम्हाला."

"सांडते गं ती," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.

बोटं कुठे गेली ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याच हातावर होती ती, केळ्यांच्या फणीसारखी दाटीने, इवल्या नखांची. पदराखालीसुद्धा ती कुणाची तरी बटणं लावत होती. त्यांच्यामागे आणखी काही बोटं होती, जाड, केसाळ. ती कुणाची, हे आईला सांगावं लागत नाही.

"तू खिशातून हात काढ बघू," मधुरा नवऱ्याला म्हणाली.

हेमंतने काढले. तसेच गुळगुळीत.

"मग लग्नात माझं मंगळसूत्र कोणी बांधलं?"

"आईने. मागून."

मंदाकिनीबाईंनी मान खाली घातली. मिरजेच्या घराची गॅलरी त्यांना आठवली. कडेवर हेमंत, हातात वाटी. हा चिऊचा, हा काऊचा, हा दूधवाल्या काकांचा. तो वाटीकडे हात न्यायचा आणि त्या तो हळूच बाजूला करायच्या. किती गोड वाटायचं ते. आता त्या गोडीचीच लाज वाटत होती.

"आजी, उद्यापासून शाळेत डबा ज्याचा त्याने उघडायचाय," रेवा म्हणाली. "माझी बोटं दे."

टेबल मघापेक्षा लहान झालं होतं. सगळ्यांचे गुडघे एकमेकांना टेकले होते, हात लपवायला जागाच उरली नव्हती. मंदाकिनीबाईंनी पदराखालचा हात वर काढला.

रेवाने तळवा भातात खुपसला. शितं फ्रॉकवर सांडली, खाली सांडली. मंदाकिनीबाईंचा हात झेपावला. त्यांनी तो डाव्या हाताने दाबून धरला. एक इवलं बोट सुटून ताटात पडलं. रेवाने ते भातासकट तळव्याला चिकटवलं. पुन्हा शितं सांडली, पुन्हा हात झेपावला, पुन्हा त्यांनी धरला. असं करत करत तिची सगळी बोटं तिच्याकडे गेली. अंगठा जरा वाकडा बसला. कोपरापर्यंत वरण ओघळवत ती जेवू लागली.

"आता बाबाची," ती म्हणाली.

"राहू दे ना, आई," हेमंत म्हणाला. "भूक लागलीय मला." आणि त्याने तोंड उघडलं.

"नाही. आजी, आधी तू जेव. तुझ्या हाताने."

मंदाकिनीबाईंचं ताट निवलं होतं. सगळ्यांबरोबर बसून आपण शेवटचं कधी जेवलो, ते त्यांना आठवेना. त्यांनी हात भातात घातला. उरलेल्या बोटांतली आपली कोणती, हेही ओळखू येईना. तरी घास छान झाला, मऊ, तूप नीट कालवलेलं. त्यांनी तो उचलला आणि तोंड उघडलं.

हात ओठांपाशी आला, तिथे वळला आणि टेबलापलीकडे निघाला. रेवा जेवायची थांबली. मंदाकिनीबाई तोंड उघडं ठेवून हाताकडे बघत राहिल्या. समोर हेमंतचंही तोंड उघडंच होतं.