कप कोणी उपडा केला?

मित्रांनो, मी एक जुने, लांबलचक लाकडी टेबल आहे. माझा एक पाय जरा आखूड आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. त्यावरून हसू नका. माझ्या अंगावर कात्रीचे ओरखडे आहेत, इस्त्रीचा एक काळा डाग आहे आणि डिंक कुठे कुठे सांडला आहे ते आता मलाही आठवत नाही.

एका सुताराने मला दुरुस्तीच्या खोलीसाठी बनवले. एका मोठ्या इमारतीच्या तळाशी ती खोली होती. ज्याचे जे मोडले-फाटले असेल ते घेऊन त्याने यावे आणि माझ्याभोवती बसून नीट करावे, अशी तिथली रीत. शिवणताई फाटके कपडे घेऊन बसायच्या, छत्रीमामा वाकलेल्या काड्या सरळ करायचे, घड्याळकाका डोळ्याला भिंग लावून घड्याळे उघडायचे. एकमेकांच्या तोंडाकडे फारसे कोणी बघत नसे. डोळे हातांवर आणि कान गप्पांवर. एक नियम मात्र कडक होता. घरी जाताना प्रत्येकाने आपला चहाचा कप उपडा ठेवायचा. कप सुलटा असला म्हणजे माणूस इथेच कुठेतरी आहे, आणि तो बराच वेळ परतला नाही तर कोणीतरी उठून बघून यायचे. छत्रीमामा एकदा माळ्यावर अडकले होते, ते असेच सापडले.

पुढे घरमालकाला ती जागा गाड्या ठेवायला हवी झाली. मंडळी पांगली. कोणी दुसऱ्या शहरात लेकीकडे गेले, घड्याळकाकांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला कुठेशी खोली घेतली. मला शिवणताईंनी घरी आणले. दारातून मला आडवेतिडवे करून आत घेताना त्यांच्या नणंदेने असे काही नाक मुरडले, की मी तिथल्या तिथे तिच्यावर फुली मारली. पण तीच पोरगी कामाची निघाली, हे कबूल केले पाहिजे.

नणंद संगणकावर काम करणारी. वहिनीचा उतरलेला चेहरा तिला बघवेना, म्हणून तिने इंटरनेटवर आमची खोली उभी केली. प्रत्येकाने आपला फोन स्टँडला लावायचा, कॅमेरा हातांवर रोखायचा आणि काम करता करता बोलायचे. पडद्यावर प्रत्येकासमोर एक कप. आलात की सुलटा, जाताना बोटाने उपडा. पांगलेले सगळे परत आले, मी कधी न पाहिलेलेही आले. ताईंचा फोन माझ्यावरच असायचा, त्यामुळे त्या गप्पा पुन्हा माझ्या लाकडात मुरू लागल्या. खरे सांगते, मला फार बरे वाटले.

एका दुपारी घड्याळकाका गजराचे घड्याळ खोलून बसले होते. मधेच "आलोच" म्हणून उठले. पडद्यावर उघडे घड्याळ तेवढे राहिले. इकडे छत्रीमामांनी कसलासा विनोद केला, सगळे खो खो हसले. काही वेळाने काकांचा कप उपडा झाला आणि त्यांची चौकट मिटली. काका गेले वाटतं घरी, असे कोणीतरी म्हणाले. अहो, ते घरीच तर होते! पण हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

ऊन उतरले तरी ताईंचे शिवणात लक्ष लागेना. टाके वेडेवाकडे पडत होते. काका निरोप घेतल्याशिवाय कधी उठत नाहीत, असे त्या नणंदेला म्हणाल्या. फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. नणंदेने समजूत घातली की वहिनी, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नका, कप उपडा आहे म्हणजे ते आपणहून गेलेत.

"पण कप कोणी उपडा केला?" ताईंनी विचारले.

नणंदेचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी," ती म्हणाली. "म्हणजे, बराच वेळ हालचाल दिसली नाही की तो आपोआप उपडा होतो आणि त्या माणसाचा फोन खोलीतून तुटतो. रिकामे कप उगाच दिसत राहायला नकोत, म्हणून मीच तशी सोय केली होती."

टेबलाला काळीज नसते हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या काळजात चर्र झाले.

नणंदेने भराभर सगळ्यांना पडद्यावर बोलावले. काकांच्या नव्या खोलीचा पत्ता एकालाही माहीत नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाला पत्ता कोण विचारतो? तेव्हा ताईच म्हणाल्या, "आपण रोज त्यांच्या खोलीतले आवाज ऐकतो. आठवा, मागे काय वाजायचं?" एकीला शाळेची घंटा आठवली. दुसऱ्याला करवतीची घरघर आठवली. छत्रीमामा ताडकन उठले. शाळेसमोरच लाकडाची वखार आहे असा एकच रस्ता त्यांना माहीत होता, आणि तो त्यांच्या घरापासून फार लांब नव्हता.

मामा फोन हातात धरून धावत सुटले. आम्हाला त्यांची धाप ऐकू येत होती. त्यांनी वखारीत विचारले, तिथल्या माणसांनी जिना दाखवला. मग दारावर थापा. मग काहीच नाही. ताईंनी माझी कड इतकी घट्ट धरली होती, की त्यांची नखे पांढरी पडली. दार फोडल्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने मामांचा.

"आहेत. बोलतायत."

काका न्हाणीघरात घसरून पडले होते. मांडीचे हाड मोडले होते. दवाखान्यातून ताईंनी त्यांना सरळ आपल्या घरी आणले. ते माझ्यापाशी बसले तशी नणंद समोर येऊन उभी राहिली आणि अडखळत माफी मागू लागली. काका रागावले नाहीत.

"पडलो तेव्हा फोनमधून तुमचे सगळ्यांचे आवाज येत होते," ते म्हणाले. "माझी हाक काही तुमच्यापर्यंत पोचत नव्हती. पण तुम्ही हसत होतात ना, तोवर मला भीती वाटली नाही. म्हटलं, विचारेलच कोणीतरी, काका कुठे गेले. मग एकदम सगळे उठून गेलात."

नणंद त्यांच्याजवळ खाली बसली आणि रडू लागली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण 'असू दे' म्हणाले नाहीत. ती आपोआपची सोय तिने त्याच दिवशी काढून टाकली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुम्हीही पडद्यावर अशा खोल्या बांधाल. जरूर बांधा, त्याला लाकूडही लागत नाही. फक्त गप्प झालेल्या माणसाला हाक मारायचे काम यंत्रावर सोपवू नका. आणि तुमच्यातले कोणी बरेच दिवस काही बोलले नसेल, तर माझी गोष्ट आता बाजूला ठेवा आणि आधी त्याला विचारा.