लोनप्पनच्या नावावर

मी तीस वर्षं केरळात, इरिंजालकुडाच्या शाळेत फिजिक्स शिकवलं. घर्षणाने उष्णता निर्माण होते, हे वाक्य मी इतक्या पोरांकडून घोकून घेतलंय की अजूनही रस्त्यात भेटली की ती मला त्यावरून चिडवतात. गाव मला माश म्हणतं, म्हणजे मास्तर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते काही न कळणाऱ्या माणसाने केलेलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी गाडीला पॉलिश करायचं मशीन घेतलं. दोन्ही हातांत धरायचं, पुढे फिरणारी तबकडी, तिच्यावर लोकरीचा पॅड. दुकानात दोन प्रकारची मशीनं होती. एकाची तबकडी फिरता फिरता डुलते, त्यामुळे ती एका जागी तापत नाही. दुसरं नुसतंच गरगर फिरतं, जोरात. दुकानदार म्हणाला, "सर, नवीन माणसाने डुलणारं घ्यावं. हे दुसरं रंगवाले वापरतात." मी त्याला दहा मिनिटं कोनीय वेग समजावून सांगितला आणि दुसरं घेतलं.

घरी आणून माझ्या पांढऱ्या गाडीवर चालवून पाहिलं. पांढऱ्या रंगावर काही बिघडलं तरी दिसत नाही. मला वाटलं, आपल्याला जमलं.

विलासिनीचेची, चेची म्हणजे ताई, माझी थोरली बहीण. तिचे यजमान दामोदरेट्टन जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची एस्टीम गाडी, काळपट लाल रंगाची, शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. एट्टन, म्हणजे दादा, होते तोवर दर रविवारी स्वतः धुवायचे, दुसऱ्या कुणाला फडकंसुद्धा लावू द्यायचे नाहीत. आता मुलीचं, निरंजनाचं, लग्न ठरलं आणि तिने हट्ट धरला की हॉलवर जाईन तर अच्छनच्या, वडिलांच्याच गाडीतून. ताडपत्री काढून मेकॅनिककडून चालू करून घेतली, तर रंग पार मेलेला, उन्हात पाहिला की सगळीकडे बारीक ओरखडे.

"लोनप्पनकडे पाठवते," चेची म्हणाली.

"त्याच्याकडे कशाला? मी आहे ना," मी म्हणालो.

लोनप्पनचं बसस्टँडमागे गाड्या रंगवायचं वर्कशॉप आहे. पाच वर्षांपूर्वी याच गाडीच्या बॉनेटवर नारळ पडला होता. लोनप्पनने पोचा काढून अख्खं बॉनेट नव्याने रंगवलं, आणि जुना रंग कुठे संपतो नि नवा कुठे सुरू होतो, हे एट्टनना शोधूनही सापडलं नव्हतं. त्याची मुलगी जिन्सी माझी विद्यार्थिनी. बारावीला मी तिला घरी बोलावून शिकवायचो, आता ती परदेशात नर्स आहे. मी कधी वर्कशॉपवरून गेलो तर लोनप्पन हातातलं काम ठेवून उभा राहायचा.

लग्नाला बारा दिवस राहिले होते. शनिवारी सकाळी मी मशीन घेऊन चेचीच्या अंगणात गेलो. आधी गाडी धुतली, मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार घेतलं. ते खरंच सुरेख निघालं. चेची लिंबाचं सरबत घेऊन आली आणि दारात स्वतःचा चेहरा बघत उभी राहिली. मग दारावर हात ठेवून म्हणाली, "आणली त्या दिवशी अशीच होती रे, मुकुंदा." तिचे डोळे भरून आले. माझी छाती फुगली.

बॉनेटच्या दोन्ही बाजूंना लांब उभट कडा असतात. कडेवर रंग नेहमी पातळ बसतो, म्हणून मशीन लावण्याआधी तिथे कागदी टेप चिकटवायची असते. मी पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओत हे सांगितलं होतं. माझी टेप दारावर संपली. दुकान पाच मिनिटांवर होतं. मी म्हटलं, आपला हात आता बसलाय.

बॉनेटवर मशीन चालू केलं. पांढरा पॅड हळूहळू लाल व्हायला लागला. मी समजलो, जुना मळ निघतोय. जळक्या प्लास्टिकसारखा वास आला, तो मोटरचा असेल म्हणून सोडून दिला. थोडा डाग राहिलाय असं वाटून कडेवर जरा दाबून धरलं. उचलून फडक्याने पुसलं तर खाली करडा रंग. लाल गेलेलं, आतलं प्रायमर उघडं पडलेलं, वीतभर लांब. मी पुन्हा पुसलं. मळ असता तर निघाला असता.

मशीनचा आवाज थांबला म्हणून चेची बाहेर आली.

"हे काय झालं?"

उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही. आठवलं की आजही तेच सगळ्यात जास्त खटकतं. वर्गात फळ्याकडे वळताना माझा जो आवाज असायचा त्याच आवाजात मी म्हणालो, "लोनप्पनने रंग पातळ मारलाय, चेची. वरचा थर नुसता नावाला होता. मशीन टेकवलं आणि निघाला."

चेचीने त्यावर शंका घेतली नाही. माश म्हणतोय म्हटल्यावर कोण घेणार? तिने व्हरांड्यात जाऊन फोन लावला. मी फडकी गोळा करत होतो, ऐकू येत होतं. "लोनप्पन, त्यांनी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. तुम्ही काय केलंत? आता ते नाहीत, म्हणून मला बोलावं लागतंय. गेलेल्या माणसाला फसवलंत तुम्ही."

मी तेव्हाही थांबवू शकलो असतो.

अर्ध्या तासात लोनप्पन स्कूटरवरून आला. साठी उलटलेला, अंगावर कामाचाच शर्ट. चेचीने त्याला बसा म्हटलं नाही. तो बॉनेटपाशी वाकला, करड्या पट्ट्याच्या कडेवरून नखाने चाचपून पाहिलं. मग त्याची नजर भिंतीवर वाळत ठेवलेल्या पॅडकडे गेली. किसलेल्या बीटासारखा लाल पॅड. मग माझ्याकडे.

"दार छान झालंय, माशे," तो म्हणाला. "कडेला टेप लावली होती ना?"

"टेपचं काय आहे त्यात?" चेची म्हणाली. "तुमच्या रंगाचं बोला."

तो चेचीकडे वळलाच नाही. माझ्याकडे बघत थांबला. मी विहिरीच्या रहाटाकडे बघत म्हणालो, "लावली होती."

त्याने मान हलवली. "मग माझंच काम कच्चं असेल. गाडी घेऊन जातो, चेची. लग्नाआधी मिळेल." स्कूटर तिथेच ठेवून तो गाडी चालवत गेला.

रविवारी मी ताट तसंच सारलं. बायको विचारत राहिली, मी पोटाचं कारण सांगितलं. सोमवारी सकाळी वर्कशॉपवर गेलो. लोनप्पन बॉनेट पाण्याने भिजवून काचकागदाने घासत होता. या वेळी तो उभा राहिला नाही.

"या, माशे. इथे बघा," तो म्हणाला. घासलेल्या कडेवर एकात एक अशी वलयं दिसत होती. "हे प्रायमर. हे रंगाचे दोन हात. आणि हे वरचं चकचकीत, तीन हात. दोन पुरले असते. साहेबांची गाडी म्हणून मी तीन मारले होते."

"लोनप्पन, मी टेप लावली नव्हती."

"हो."

"चूक माझी आहे. तुमचं काम कच्चं नव्हतं."

त्याने कागद बादलीत बुचकळला. "हे मला काय सांगता? मला शनिवारीच दिसलं. चेचीचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. हात खरकटा, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. त्रेसिया वाढत होती, तिने सगळं ऐकलं. रात्री मला विचारते, खरंच पातळ मारला होता का हो? छत्तीस वर्षांत बायकोने मला असं कधी विचारलं नव्हतं."

"मग तुम्ही तिथेच का बोलला नाहीत?"

"तुम्ही होतात ना तिथे," लोनप्पन म्हणाला. "मी म्हटलं, माश सांगतील."

तिथून मी सरळ चेचीकडे गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, मागच्या अंगणात बायका केळ्यांचे काप तळत होत्या. दामोदरेट्टनचा धाकटा भाऊ मला बघून म्हणाला, "ये मुकुंदा. त्या रंगवाल्याने चांगलंच उल्लू बनवलं म्हणे आपल्याला." सगळे हसले. मीही हसलो. गरम काप खाऊन परत आलो. मंगळवारी गेलो तेव्हा चेचीची बंद पडलेली ट्यूब बदलून दिली आणि परत आलो.

बुधवारी ती एकटी सापडली. उरलेल्या पत्रिकांवर नावं घालत बसली होती. वाचता वाचता एक तिने बाजूला काढली. पाकिटावर 'श्री. लोनप्पन आणि कुटुंब' असं आधीच लिहिलेलं होतं.

"याला आता कशाला?" म्हणत तिने ती खणात टाकली.

"चेची, रंग पातळ नव्हता," मी म्हणालो. "मी मशीन चुकीचं धरलं. टेप लावली नव्हती. खोटं बोललो."

तिने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं ओरडेल. लहानपणी ओरडायची तशी ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोनदा बोललास," ती म्हणाली. "त्याने टेपचं विचारलं होतं तेव्हाही."

"हो."

"माझ्या अंगणात तो माणूस उभा होता आणि मी त्याला बस म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. यांच्या घरात, मुकुंदा." मग पत्रिकांचा गठ्ठा सारून, "गाडीचं मला काही नव्हतं रे. रंग काय, पुन्हा बसतो. सांगितलं असतंस तर मी हसले असते."

तिने खणातून पत्रिका काढली, साडी बदलली, आणि मला म्हणाली, "चल. मी माफी मागेन माझ्या बोलण्याची. तुझं तू बोलायचंस, त्याच्या बायकोसमोर."

लोनप्पन घरी नव्हता. त्रेसियाने दार उघडलं. तिने चेचीला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो, आणि उभ्यानेच सांगितलं, शाळेत उशिरा आलेली मुलं सांगतात तसं, एका दमात, जमिनीकडे बघत.

"जिन्सीला मी फोनवर सांगितलं हे," त्रेसिया म्हणाली. "ती मला म्हणाली, अम्मच्ची, माश खोटं बोलणार नाहीत. अप्पच्चनचंच काही चुकलं असेल."

चेचीने पत्रिका दोन्ही हातांनी पुढे केली. त्रेसियाने ती घेतली, टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. चहा दोन कप आला, एक मलाही. तो कडू होता की मलाच तसा लागला, सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी जिन्सीला स्वतः फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं, माशे. ड्युटी आहे." आणि ठेवून दिला.

गाडी लग्नाच्या दोन दिवस आधी आली. निरंजना तिच्यातूनच गेली. हॉलवर लोनप्पन एकटाच आला. "त्रेसियाला बरं नाही," असं त्याने चेचीला सांगितलं. तिने त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. पायसम वाढायचं काम माझ्याकडे होतं. त्याच्या पानापाशी आलो तेव्हा त्याने इतरांसारखंच पान पुढे ओढलं, मी वाढलं, तो जेवला.

निघताना तो गाडीपाशी थांबलेला दिसला. मी त्याच्याजवळ गेलो. बॉनेटवर जाईच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्या तो एकेक करून उचलत होता.

"रंग ताजा आहे, माशे," तो म्हणाला. "महिनाभर यावर काही लावू देऊ नका. कुणालाच."

"नाही लावू देणार," मी म्हणालो.

त्याने पाकळ्या खिशात टाकल्या, स्कूटर चालू केली आणि गेला.