आग्रहाचा मेनू

गोमटेशला जन्मापासून दिसत नाही. पण निपाणीच्या त्या पतसंस्थेत कॉम्प्युटर त्याच्याइतका झटपट कुणी चालवत नव्हतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक बोलका प्रोग्रॅम त्याच्या कानाशी असायचा. मेनू उघडला की तो सांगायचा, मेनू उघडला, सहा गोष्टी आहेत, तुम्ही पहिलीवर आहात. बंद झाला की तेही सांगायचा. मग संस्थेनं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातले मेनू त्या प्रोग्रॅमला न कळता मुकाट्यानं उघडू लागले. गोमटेशला वाटायचं काही घडलंच नाही, आणि पुढचं बटण दाबलं की भलतंच होऊन बसायचं. चेअरमन वर्धमान अण्णांनी बजावलं, "सोमवारपतोर जमलं न्हाय तर तू आपला टेलिफोनवर बस." टेलिफोनवर बसणं म्हणजे दिवसभर 'साहेब जेवायला गेलेत' एवढंच सांगणं.

तोडगाही अण्णांनीच काढला. मेनू सांगायला माणूस हवा, तर ज्याची हयात त्यातच गेली तोच आणावा. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या परशरामला त्यांनी गोमटेशच्या खुर्चीमागं उभं केलं.

परशराम पंगतीत फिरावं तसा हाळी देऊ लागला. "मेनू उघडला. सहा हाईत. कॉपी, कॉपी, कॉपी... पेस्ट घ्या, पेस्ट..." काम झकास चाललं. अडचण एवढीच, की काही न निवडता मेनू मिटला तर परशरामला पाहुणा पानावरून उपाशी उठल्यासारखं वाटे. "असं कसं? एक तरी घ्याच की," म्हणून तो हटून बसे.

"मामा, काय काय हाय तेवढं सांगा. घ्यायचं का न्हाय ते मी बघतो," गोमटेश काकुळतीला येऊन म्हणाला.

"आग्रह न्हाय ते कसलं वाढणं?"

सोमवारी अण्णा स्वतः बघायला आले. गोमटेशनं त्यांचं वार्षिक सभेचं भाषण शोधलं आणि त्यावर मेनू उघडला. परशराम शेवटच्या पदार्थापाशी आला. "डिलीट, डिलीट... थोडं तरी?"

"नको."

"लाजू नकोस रं, घे की एक," अण्णा म्हणाले. पंगतीची सवय, शब्द तोंडून निसटून गेला.

दोन्हीकडून आग्रह झाल्यावर माणूस जे करतो तेच गोमटेशनं केलं. ताट झाकावं तसे दोन्ही तळहात कीबोर्डवर दाबून धरले. सगळी बटणं एकदम दबली आणि भाषण गेलं.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "टेलिफोन न्हायतर घर. काय ते ठरीव."

गोमटेश उठला नाही. त्याला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. "दोनच, अण्णा? नीट बघून सांगा."

"दोनच."

"माझा जुना प्रोग्रॅम मेनूतलं जे मिळणार न्हाय त्याचंबी नाव वाचायचा. हाय, पण आत्ता बंद हाय, असं सांगायचा. लपवायचा न्हाय. ह्या सॉफ्टवेअरला बोलतं करून घ्यायचं, ही तिसरी गोष्ट हाय का न्हाय, एवढंच सांगा."



"हाय," अण्णा म्हणाले. "कंपनीवाल्यानं इचारलं हुतं. मीच नको म्हणालतो."

गोमटेशनं खुर्ची पुढं ओढली. "मग मला तीच पायजे," तो म्हणाला.